सिलिगुडी २००१: पाच वर्षांनी मिळालेलं निदान

२००१ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीत एका विचित्र तापाची साथ आली. आधी ताप आणि डोकेदुखी, मग शुद्ध हरपत जाणं, काहींना श्वासाचा त्रास, आणि बऱ्याच जणांचा काही दिवसांतच मृत्यू. ६६ रुग्ण आणि ४५ मृत्यू असा आकडा या साथीचा सहसा दिला जातो. यातले साधारण पाऊण भाग रुग्ण एक तर रुग्णालयाचे कर्मचारी होते, नाहीतर आजाऱ्याला भेटायला आलेले लोक. म्हणजे आजार रुग्णालयातच पसरत होता. एका रुग्णालयातून रुग्ण दुसरीकडे हलवले, तर त्या दुसऱ्या रुग्णालयात २५ कर्मचारी आणि ८ भेटायला आलेली माणसं आजारी पडली.

त्या वेळी नमुने घेतले गेले, तपासलेही गेले. कुठलाच जंतू सापडला नाही. साथ ओसरली आणि कागदोपत्री ती 'अज्ञात कारणाचा ताप' म्हणून राहिली.

त्याच नमुन्यांवर आधारलेला एक शोधनिबंध २००६ च्या फेब्रुवारीत 'इमर्जिंग इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या (आपण तिला एनआयव्ही म्हणतो) मनदीप चढ्ढा त्याच्या पहिल्या लेखिका, आणि सोबत अमेरिकेच्या सीडीसीचे संशोधक. निष्कर्ष असा की सिलिगुडीची साथ निपाह विषाणूची होती. भारतातली निपाहची ही पहिली नोंद, तीही साथ संपून पाच वर्षं झाल्यावर.

शोधनिबंध अवघ्या सहा पानांचा आहे आणि मोफत वाचता येतो. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या ज्युनिअर मंडळींना मी तो आवर्जून वाचायला सांगते. मात्र तो नीट कळायला एक प्रश्न सुटावा लागतो: नमुने तेच, विषाणू तोच, मग २००१ मध्ये तो का दिसला नाही? पीसीआर तंत्र तेव्हा जुनंच झालं होतं. कॅरी मलिस यांना ती कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि त्याबद्दल १९९३ मध्ये नोबेलही मिळून गेलं. यंत्रं होती, रसायनं होती, माणसंही होती. नेमकं काय नव्हतं?

याचं उत्तर पीसीआर कशी चालते यातच आहे. बी.एस्सी.ला आपण 'डिनॅचरेशन, अनीलिंग, एक्स्टेन्शन' असं घोकून परीक्षेत आकृती काढून येतो. त्या आकृतीत प्रायमर म्हणजे दोन छोटे बाण असतात, आणि ते बाण कुठून आले हे कोणी विचारत नाही. सगळी गोष्ट त्या दोन बाणांत आहे.

निपाहचा जनुकसंच आरएनएचा असतो, एकाच धाग्याचा. पीसीआरचं एन्झाइम डीएनएवर काम करतं, म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज वापरून आरएनएची डीएनए-प्रत बनवायची, आणि मग ती प्रत दुप्पट, चौपट, आठपट करत न्यायची. आरटी-पीसीआरमधला 'आरटी' तो हाच. सगळं नीट चाललं तर ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०७ कोटींहून जास्त प्रती होतात. नमुन्यात विषाणूचे मोजके रेणू असले तरी दिसतात, कारण आपण त्यांची गर्दी करतो.

पण गर्दी कोणाची करायची, हे ठरवतात प्रायमर. प्रायमर म्हणजे साधारण वीस अक्षरांचा डीएनएचा तुकडा, जो विषाणूच्या ठरावीक जागी जुळून बसतो. तो जिथे बसेल तिथूनच प्रत बनायला सुरुवात होते. वीस जागा आणि प्रत्येक जागी चारांपैकी एक अक्षर, म्हणजे एक लाख कोटींहून जास्त शक्यता. त्यातली बरोबर शक्यता मागवायची तर विषाणूचा क्रम आधीच माहीत हवा, आणि तो माहीत असला तरी 'हा असेल' अशी शंका यायला हवी. सिलिगुडीच्या नमुन्यात निपाहचं आरएनए होतं. पण डेंगीचे प्रायमर घातले तर डेंगीचंच उत्तर येणार: नाही. जपानी मेंदूज्वराचे घातले, तरी नाही. पीसीआर खिडकीतून बाहेर बघून 'तिथे कोण उभं आहे' असं सांगत नाही. तुम्ही एक नाव घेऊन हाक मारायची, त्या नावाचं कोणी असेल तर ओ येते.

मग निपाह हे नाव आलं कुठून? त्यासाठी थोडं मागे, मलेशियात जावं लागतं.

सप्टेंबर १९९८ मध्ये मलेशियातल्या पेराक राज्यात इपोह शहराच्या आसपास मेंदूज्वराचे रुग्ण दिसू लागले. त्या भागात जपानी मेंदूज्वर असतोच, डुकरं त्याची वाहक असतात, आणि हे रुग्ण डुकरांच्या फार्मवर काम करणारे होते. त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की हा जपानी मेंदूज्वरच. काही रुग्णांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडंही सापडली. सरकारनं लसीकरण केलं, डासांवर धूरफवारणी केली. साथ थांबली नाही. उलट दक्षिणेकडे नेग्री सेंबिलान राज्यात गेली.

आता मागे वळून बघितलं की न जुळणाऱ्या गोष्टी ढळढळीत दिसतात. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने लहान मुलांना होतो, इथे आजारी पडत होते कामकरी पुरुष. लस घेतलेलेही आजारी पडत होते. डासांनी पसरवलेला आजार असता तर डुकरांच्या जवळ न जाणाऱ्या शेजाऱ्यांनाही झाला असता. शिवाय डुकरं स्वतःच खोकत होती, मरत होती. जपानी मेंदूज्वरानं मोठी डुकरं सहसा अशी मरत नाहीत. आणि त्या प्रतिपिंडांचं काय? जिथे हा आजार वर्षानुवर्षं आहे तिथे पूर्वी कधीतरी झालेल्या संसर्गाची किंवा लशीची प्रतिपिंडं अनेकांच्या रक्तात असतात. चाचणीचं उत्तर खोटं नव्हतं, पण त्या उत्तरानं आजचा आजार कोणता हे सांगितलं नव्हतं. माझ्या मते निदानाच्या इतिहासातला हा सगळ्यात उपयोगी धडा आहे, आणि पाठ्यपुस्तकात तो सहसा एका ओळीत उरकतात.

मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातल्या चुआ काव बिंग या विषाणूतज्ज्ञानं सुंगाई निपाह गावच्या एका रुग्णाच्या पाठीच्या कण्यातलं पाणी पेशींच्या संवर्धनात घातलं. काही दिवसांत पेशी एकमेकींत मिसळून मोठमोठे अनेककेंद्रकी गोळे तयार झाले. जपानी मेंदूज्वराचा विषाणू असं करत नाही. ते संवर्धन घेऊन चुआ अमेरिकेत सीडीसीच्या फोर्ट कॉलिन्स इथल्या प्रयोगशाळेत गेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला पॅरामिक्सोविषाणू, म्हणजे गोवर आणि गालगुंडाच्या घराण्यातला. या घराण्यात डासांमार्फत पसरणारं कोणी नाही. मग अटलांटाला तपासण्या झाल्या. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये घोड्यांत आणि माणसांत सापडलेल्या हेंड्रा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं या नव्या विषाणूला चिकटली. म्हणजे हेंड्राचा जवळचा नातलग. जनुकीय क्रम वाचल्यावर कळलं की नातलग असला तरी हा वेगळा आहे. गावावरून त्याचं नाव निपाह पडलं.

इथे क्रम लक्षात घ्या. आधी पेशींत वाढवला, मग डोळ्यांनी पाहिला, मग प्रतिपिंडांनी घराणं कळलं, आणि सगळ्यात शेवटी जनुकीय क्रम. आज निदान म्हटलं की आपण थेट पीसीआरकडे धावतो. पण निपाहच्या बाबतीत पीसीआर शक्य झाली ती आधीच्या या जुन्या पद्धतींमुळे. पेशीसंवर्धनात विषाणू वाढवून बघायला कुठलंही नाव माहीत असावं लागत नाही. ते काम वेळखाऊ आहे, निपाहसारख्या विषाणूच्या बाबतीत जिवावरचं आहे, आणि अनोळखी पाहुण्याला ओळखण्याची सोय मात्र त्यातच होती.

कारण कळल्यावर मलेशियानं दहा लाखांच्या आसपास डुकरं मारली आणि साथ थांबली. तोवर मलेशियात २६५ रुग्ण झाले होते, १०५ मृत्यू. सिंगापूरमध्ये कत्तलखान्यांत काम करणारे ११ जण आजारी पडले, एक दगावला. पुढे चुआ यांनी तिओमान बेटावर फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या झाडांखाली प्लास्टिकच्या चादरी अंथरून त्यांची लघवी गोळा केली आणि त्यातून निपाह विषाणू वेगळा काढला. लघवीचं हे प्रकरण ध्यानात ठेवा, पुन्हा येणार आहे.

तर २००१ मध्ये सिलिगुडीची साथ आली तेव्हा निपाह जगाला दोन वर्षांपूर्वीच माहीत झाला होता. क्रम प्रसिद्ध झालेला होता, प्रायमर बनवता आले असते. पण निपाह म्हणजे मलेशिया, डुकरं, फार्मवरचे मजूर असं एक चित्र पक्कं झालं होतं. सिलिगुडीत डुकरांचा संबंध दिसत नव्हता, आणि आजार माणसाकडून माणसाकडे जात होता, जो प्रकार मलेशियात जवळपास दिसलाच नव्हता. कोणाला निपाह का सुचावा? मला यात त्या वेळच्या लोकांचा दोष वाटत नाही. हातात जेवढी नावं होती तेवढ्या हाका त्यांनी मारल्या. शिवाय त्यांनी आणखी एक काम केलं, ज्याचं मोल तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं: नमुने टाकून दिले नाहीत.

हे वाटतं तितकं साधं नाही. ज्यांनी कुठल्याही विभागात उणे ऐंशीचा फ्रीजर साफ करायची मोहीम बघितली आहे त्यांना कळेल. शाई उडालेल्या नळ्या, गेलेल्या सीनियरच्या आद्याक्षरांचे डबे, 'हे कशाचं आहे?' असं एकमेकांना विचारत उभे असलेले चार विद्यार्थी, आणि जागा हवी म्हणून कचऱ्याच्या पिशवीत जाणारे खोकेच्या खोके. त्यात ज्या नमुन्यातून काहीच निघालं नाही असे निगेटिव्ह नमुने सगळ्यात आधी जातात.

मग शेजारून बातमी आली. बांगलादेशात मेहेरपूरला एप्रिल-मे २००१ मध्ये आणि नौगावला जानेवारी २००३ मध्ये मेंदूज्वराच्या लहान साथी आल्या होत्या. वाचलेल्यांच्या आणि त्यांच्या आसपासच्यांच्या रक्तात निपाहविरुद्ध प्रतिपिंडं सापडली, आणि हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी बांगलादेशात आणखी साथी आल्या, त्यातून विषाणूही हाती लागला. इथे मध्ये डुकरं नव्हती. पुढच्या अभ्यासांत दिसलं की रात्री शिंदीच्या झाडाला लावलेल्या मडक्यांवर वटवाघळं येतात, रस चाटतात, मुततात, आणि सकाळी तोच कच्चा रस माणसं पितात. शिवाय इथला विषाणू माणसाकडून माणसाकडे जात होता.

नकाशा समोर ठेवा. सिलिगुडी ही एक चिंचोळी पट्टी, बांगलादेशची सीमा तिथून हाकेच्या अंतरावर. मेहेरपूरची साथ तर सिलिगुडीनंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांची. आता शंका घ्यायला जागा होती. २००१ चे नमुने बाहेर निघाले आणि या वेळी त्यांना निपाहच्या नावानं हाक मारली गेली.

१८ रुग्णांपैकी ९ जणांत निपाहची प्रतिपिंडं सापडली. आणि ५ रुग्णांच्या लघवीत निपाहचं आरएनए सापडलं. लघवीत! चुआ यांनी वटवाघळांच्या लघवीतून विषाणू काढला होता, इथे माणसाच्या लघवीतून त्याचा जनुकीय माग निघाला. निपाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला करतो, मूत्रपिंडंही सुटत नाहीत, त्यामुळे तो लघवीत उतरतो. मेंदूच्या आजाराचं निदान लघवीत शोधायचं हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, म्हणून मुद्दाम सांगते: नमुना कुठला घ्यायचा हे आजाराच्या नावावरून ठरवू नका, विषाणू शरीरात कुठे कुठे जातो यावरून ठरवा. आज निपाहची शंका आली तर घशातला स्वॅब, रक्त, लघवी आणि शक्य असेल तर पाठीच्या कण्यातलं पाणी, सगळंच घेतात.

आता एक शहाणा वाचक विचारेल, १८ पैकी ९ म्हणजे अर्धेच की. उरलेल्या नऊ जणांना काय झालं होतं? प्रतिपिंडं बनायला वेळ लागतो. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत रक्त घेतलं तर ती नसूही शकतात, आणि निपाहचा रुग्ण कधी कधी ती बनायच्या आत दगावतो. आरएनएचं उलटं: आजाराच्या सुरुवातीला भरपूर, मग कमी होत जातं. त्यात आरएनए मुळात नाजूक, नमुना चारदा वितळला-गोठला की तुकडे पडतात. म्हणून एका चाचणीचं 'नाही' म्हणजे आजार नव्हताच असं नाही. दोन्ही चाचण्या एकमेकींच्या फटी बुजवतात. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या दोन पद्धती एकाच नावावर बोट ठेवतात तेव्हा पुरावा भक्कम होतो. तुमच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत 'हे दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं तपासलं का?' हा प्रश्न येणारच आहे, तेव्हा हे उदाहरण खिशात असू द्या.

तिसरी पायरी मला सगळ्यात आवडते. पीसीआरच्या पट्टीवर किंवा आलेखावर समाधान न मानता त्यांनी तयार झालेल्या तुकड्यांचा क्रम वाचला. याची गरज काय? पीसीआरची ताकद हीच तिची खोड आहे. १०७ कोटी प्रती बनवणारं यंत्र हातमोज्यावरून उडालेल्या एका कणाच्याही तितक्याच प्रती बनवतं. ज्या प्रयोगशाळेत निपाहचं आरएनए नियंत्रण म्हणून वापरलं जातं तिथे तेच नमुन्यात शिरलं तर? आणि पाच वर्षांनी 'भारतात निपाह होता' असं सांगायचं म्हणजे लहान विधान नाही. क्रम वाचला की तुकडा खरंच निपाहचा आहे का, आणि कुठल्या निपाहचा, दोन्ही कळतं. सिलिगुडीचा क्रम मलेशियाच्या विषाणूपेक्षा बांगलादेशच्या विषाणूला जास्त जवळचा निघाला. भूगोल सांगत होता तेच अक्षरं सांगत होती.

या दोन प्रकारांतला फरक किती? मलेशियाच्या विषाणूचा जनुकसंच १८,२४६ अक्षरांचा, बांगलादेशचा १८,२५२ अक्षरांचा. सहाच अक्षरं जास्त. दोन्ही आकड्यांना सहानं भागून बघा, बाकी शून्य येते. या घराण्यातल्या अनेक विषाणूंच्या जनुकसंचाची लांबी सहाच्या पटीतच असावी लागते, कारण त्यांचं एक प्रथिन सहा-सहा अक्षरं कवेत घेऊन बसतं. विषयाशी थेट संबंध नाही, पण मला हे कळलं तेव्हा दिवसभर मजा वाटत होती, म्हणून सांगितलं. फरक लांबीपुरता नाही हेही खरं: बाकी अक्षरांतही शेकडा आठच्या आसपास बदल आहेत. तुमचे प्रायमर नेमके बदललेल्या जागी पडले तर बांगलादेशचा निपाह समोर असूनही हाकेला ओ देणार नाही. म्हणून प्रायमर निवडताना दोन्ही प्रकारांत न बदललेला भाग बघतात. एन जनुक त्यासाठी बरंच वापरलं जातं.

एकदा नाव भारताच्या यादीत आल्यावर गोष्टी वेगानं झाल्या. २००७ मध्ये नादिया जिल्ह्यात (मेहेरपूरला अगदी खेटून) पाच जण आजारी पडले, पाचही दगावले. या वेळी एनआयव्हीनं निपाहचं निदान लगेच केलं आणि मृताच्या ऊतींतून मिळालेल्या आरएनएवरून पुढे विषाणूचा पूर्ण जनुकसंच वाचला. २००८ मध्ये सीडीसीच्या सुशियांग टाँग आणि सहकाऱ्यांनी पॅरामिक्सो घराण्यातल्या कुठल्याही सदस्याला पकडतील असे प्रायमर प्रसिद्ध केले. म्हणजे नावानं हाक न मारता आडनावानं मारायची. संवेदनशीलता थोडी कमी होते, पण नवखा नातलगही ओ देतो. २००१ मध्ये असं काही हाताशी असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. पण त्या प्रायमरांच्या मागेही आधीच्या साथींतून वाचलेले क्रमच आहेत.

प्रयोगशाळेच्या सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण यावर नेहमी गोंधळ होतो. जिवंत निपाह वाढवायचा तर बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. भारतात ती पुण्यात एनआयव्हीत २०१२ मध्ये उभी राहिली. पीसीआरसाठी मात्र विषाणू जिवंत लागत नाही. आरएनए काढताना वापरतात ती ग्वानिडीन असलेली रसायनं विषाणूचं कवच फोडतात आणि तो मरतो. तिथपर्यंतची हाताळणी जपून केली की पुढचं काम साध्या प्रयोगशाळेतही होऊ शकतं. जनुकीय चाचणीनं वेग दिला असं आपण म्हणतो. तिनं काम विकेंद्रित केलं, हे माझ्या दृष्टीनं जास्त मोठं आहे.

याचा प्रत्यय २०१८ च्या मे महिन्यात केरळमध्ये आला. कोझिकोड जिल्ह्यात पेरांब्राजवळच्या एका घरातला तरुण ५ मे रोजी दगावला. मग त्याच घरातली माणसं एकेक करून आजारी पडू लागली. १७ मे रोजी त्याचा भाऊ एका खासगी रुग्णालयात आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांना एकाच घरात असे दोन-तीन रुग्ण ही गोष्ट खटकली, आणि त्यांनी निपाहची शंका घेतली. केरळमध्ये तोवर निपाह कधीच दिसला नव्हता, बंगाल तिथून दोन हजार किलोमीटर दूर. तरीही शंका घेतली. नमुने मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्रात गेले. तिथे जी. अरुणकुमार यांच्या गटाचं तापाच्या रुग्णांवर देखरेखीचं काम काही वर्षं आधीपासून चालू होतं, निपाहची चाचणी तयार होती. दोन दिवसांच्या आत उत्तर आलं आणि २० मे रोजी पुण्याच्या एनआयव्हीनं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

पाच वर्षं आणि तीन दिवस. तंत्र दोन्हीकडे मूलतः एकच, आरटी-पीसीआर. अधल्यामधल्या काळात ते वेगवान झालं हे खरं, पण काही तासांनी पाच वर्षं भरून निघत नाहीत. फरक होता शंका घेणाऱ्या डॉक्टरात आणि शेजारच्या राज्यात तयार ठेवलेल्या प्रायमरात.

केरळमध्येही वटवाघळांच्या बाबतीत तोच गोंधळ छोट्या रूपात झाला. पहिल्यांदा पकडलेली वटवाघळं निगेटिव्ह आली आणि 'वटवाघळं निर्दोष' अशा बातम्या झळकल्या. ती कीटक खाणारी वटवाघळं होती. फळं खाणारी मोठी वटवाघळं पकडून तपासल्यावर काहींत निपाहचं आरएनए सापडलं, आणि एनआयव्हीच्या प्रज्ञा यादव यांच्या गटानं क्रम वाचले तेव्हा माणसांतल्या आणि वटवाघळांतल्या विषाणूत ९९.७ ते १०० टक्के साम्य निघालं. आपल्याकडे महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही निपाहच्या खुणा एनआयव्हीला सापडल्या, ते काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा समाजमाध्यमांवर बरीच घबराट झाली होती. त्या अभ्यासात वटवाघळं तपासली होती, माणसं आजारी पडल्याची ती नोंद नव्हती.

२०१८ च्या साथीबद्दलच्या शोधनिबंधातला एक तक्ता मात्र मला अस्वस्थ करतो. एकूण २३ रुग्ण, २१ मृत्यू. त्यातले १८ 'प्रयोगशाळेत सिद्ध' आणि ५ 'संभाव्य'. ५ मे रोजी दगावलेला तो पहिला तरुण संभाव्य या रकान्यात आहे. साथ त्याच्यापासून सुरू झाली हे साखळी जुळवून कळतं, पण त्याचा नमुनाच तपासायला मिळाला नाही. त्याला विषाणू कुठून आला, त्याच्यातल्या विषाणूचा क्रम काय होता, हे आता कुठल्याच प्रायमरनं कळणार नाही. सिलिगुडीत तर पहिला रुग्ण कोण हेही ठाऊक नाही.

२०२३ मध्ये कोझिकोडला पुन्हा निपाह आला. ३० ऑगस्टला एक जण दगावला, तेव्हा निपाहची शंका कोणालाही नव्हती. ११ सप्टेंबरला दुसरा मृत्यू झाला, घरातली मुलं आजारी पडली, आणि पुण्यात नमुने तपासून निदान झालं. मग शोध मागे गेला. पहिल्या रुग्णाच्या घशातला स्वॅब रुग्णालयात जपून ठेवलेला सापडला. तो तपासला, निपाह निघाला. त्या साथीचे सहाच्या सहा रुग्ण 'प्रयोगशाळेत सिद्ध' या रकान्यात आहेत.